रोमचा पराभव आणि जुने गडी

मंडळी, गावच्या जत्रेतला कुस्तीचा फड असो की शाळेच्या पटांगणावरचा कबड्डीचा सामना असो, आपल्या बाजूची हार झाली की घरी परतताना माणसं एकच प्रश्न विचारतात. "चुकलं कुणाचं?" या प्रश्नाचं उत्तर शोधायला फारसा वेळ लागत नाही. संघात एखादा वयानं मोठा गडी असला की बोट आपोआप त्याच्याकडे वळतं. "त्याचं वय झालं आता. केव्हाच थांबायला हवं होतं त्यानं." हे बोलणारा बहुधा त्याच गड्यानं मागच्या साली सामना जिंकून दिला तेव्हा त्याला खांद्यावर घेऊन नाचलेला असतो.

आज तुम्हांला अशाच एका हारीची हकीकत सांगायची आहे. ही हार एखाद्या गावाची नव्हती, साऱ्या देशाची होती. त्या हारीनंतर जुन्या खेळाडूंचं काय करायचं, हा प्रश्न आपल्यापुढे कसा आला आणि त्याचं उत्तर मैदानावर कसं मिळालं, ते पाहू. शिक्षक बंधुभगिनींना यात वर्गात सांगण्याजोगंही काही सापडेल.

तारीख ९ सप्टेंबर १९६०. ठिकाण इटलीची राजधानी रोम. ऑलिम्पिक सामन्यांतील हॉकीचा अंतिम सामना भारत आणि पाकिस्तान यांच्यात होता. पहिल्या अर्ध्यातच पाकिस्तानच्या नसीर अहमदने गोल केला. तेव्हापासून सामना संपेपर्यंत भारताच्या आघाडीने जंग जंग पछाडले, पण तो एक गोल काही फिटला नाही. पाकिस्तान १, भारत ०.

या एका गोलाची किंमत कळायची तर थोडं मागे गेलं पाहिजे. भारताचा संघ १९२८ साली ॲमस्टरडॅमला पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये हॉकी खेळला आणि सुवर्णपदक घेऊन आला. त्यानंतर १९३२ साली लॉस एंजेलिस, १९३६ साली बर्लिन, महायुद्धामुळे पडलेल्या खंडानंतर १९४८ साली लंडन, १९५२ साली हेलसिंकी आणि १९५६ साली मेलबर्न. सहा वेळा खेळलो आणि सहाही वेळा सुवर्ण. रोमच्या अंतिम सामन्यापर्यंत ऑलिम्पिकमध्ये आपण ३० सामने खेळलो होतो आणि तीसच्या तीस जिंकले होते. ज्यांचा जन्म १९२८ नंतरचा, त्यांनी तर ऑलिम्पिकमध्ये भारत हॉकी हरतो ही गोष्ट कधी ऐकलीच नव्हती. घरातला कर्ता माणूस कधी आजारी पडेल असं लेकरांच्या मनातही येत नाही, तसं हे होतं.

अशी हार झाली म्हणजे माणसांचे दोन तट पडतात. पहिला तट म्हणतो, "जुने सगळे काढा. नवी पोरं घ्या. पळायला दम लागतो, तो म्हाताऱ्यांकडे कुठला?" दुसरा तट म्हणतो, "अहो, ज्यांनी देशाला पदकं आणून दिली, त्यांना एका सामन्यावरून घरी बसवायचं? नव्या पोरांना काय येतं?" दोघेही पोटतिडकीनं बोलतात. दोघांच्याही बोलण्यात थोडं खरं असतं. म्हणून कुणाच्या बाजूनं मान डोलावण्याआधी आपण जरा हिशेब मांडून पाहू.

रोमच्या संघाचे कर्णधार लेस्ली क्लॉडियस तेव्हा ३३ वर्षांचे होते. आघाडीचे उधमसिंग ३२ वर्षांचे होते. म्हणजे वय हा मुद्दा अगदीच हवेतला नव्हता. पण मग मला सांगा, या दोघांचं वय वाढलं म्हणून आपण हरलो काय? फळ्यावर काही आकडे लिहू. शिक्षकांनी हे वर्गात खरोखरच लिहून दाखवावेत. १९३२ साली आपण अमेरिकेचा २४ विरुद्ध १ असा धुव्वा उडवला. १९३६ च्या अंतिम सामन्यात जर्मनीवर ८ विरुद्ध १. १९४८ च्या अंतिम सामन्यात ब्रिटनवर ४ विरुद्ध ०. १९५२ ला हॉलंडवर ६ विरुद्ध १. आणि १९५६ ला? उपांत्य सामन्यात जर्मनीवर १ विरुद्ध ०, अंतिम सामन्यात पाकिस्तानवर १ विरुद्ध ०. रोमला येताच उपांत्यपूर्व सामन्यात ऑस्ट्रेलियावर १ विरुद्ध ०, उपांत्य सामन्यात ब्रिटनवर १ विरुद्ध ०. आणि शेवटी ० विरुद्ध १.

हेलसिंकीचा एक आकडा सोडला तर उतार स्पष्ट दिसतो. विहिरीचं पाणी एका रात्रीत आटत नाही. दर उन्हाळ्यात एकेक पायरी उघडी पडत जाते. आपण मात्र घागर भरून वर येते आहे ना, एवढंच पाहत राहतो. मेलबर्नला घागर भरली, पण दोर पुरता सोडावा लागला होता. आणखी एक इशारा मिळाला होता तो १९५८ साली. टोकियोच्या आशियाई खेळांत हॉकीचा पहिल्यांदाच समावेश झाला. तिथे भारत आणि पाकिस्तान यांचा सामना शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला आणि गोलांच्या सरासरीवर सुवर्ण पाकिस्तानला गेलं. आपण सामना हरलो नव्हतो, म्हणून फारसं मनावर घेतलं नाही.

आता पाणी आटलं ते का? याचं एक कारण असं, की आपल्याच विहिरीच्या झऱ्यावर आणखी विहिरी खोदल्या गेल्या होत्या. १९४७ च्या फाळणीत पंजाबच्या हॉकीचे दोन वाटे झाले. लाहोरचं मैदान पलीकडे गेलं, जालंदरचं अलीकडे राहिलं. अली इक्तिदार शाह दारा हे नाव घ्या. १९३६ साली बर्लिनमध्ये ते भारताकडून खेळून सुवर्णपदक मिळवून आले, आणि १९४८ साली लंडनला तेच दारा पाकिस्तानच्या संघाचे कर्णधार होते. ऑस्ट्रेलियाचंही तसंच. जबलपूरचे पिअर्स बंधू स्वातंत्र्याच्या सुमारास तिकडे स्थायिक झाले आणि पाचही भाऊ ऑस्ट्रेलियाकडून हॉकी खेळले. रोमला आपल्याला जे भारी पडले किंवा भारी पडता पडता राहिले, त्यांतले कितीतरी आपल्याच आळीत काठी धरायला शिकलेले होते. युरोपातले देशही एव्हाना मेहनतीनं पुढे आले होते. यात क्लॉडियसच्या ३३ वर्षांचा दोष किती?

बरं, जुन्या गड्यांविषयीची ही शंका रोमलाच पहिल्यांदा निघायला हवी होती असंही नाही. १९३६ साली बर्लिनला गेलेल्या संघाचे कर्णधार होते ध्यानचंद. त्यांचं ते तिसरं ऑलिम्पिक आणि वय तीस पूर्ण. मुख्य सामने सुरू होण्यापूर्वी १७ जुलैला जर्मनीच्या संघाशी सरावाचा सामना झाला आणि त्यात भारत ४ विरुद्ध १ असा हरला. परक्या मुलुखात, स्पर्धेच्या तोंडावर झालेली ही हार साधी नव्हती. त्यावर संघानं काय केलं? ध्यानचंदना खाली बसवलं नाही. 'आम्ही जगज्जेते, आम्हांला काय कमी' असंही म्हटलं नाही. आघाडीतली एक जागा कमकुवत आहे हे त्यांनी नीट ओळखलं आणि हिंदुस्थानला तार करून एक खेळाडू मागवला. तो खेळाडू म्हणजे मघाशी सांगितलेले दारा. विमानानं ते अखेरच्या सामन्यांसाठी जाऊन पोचले. १५ ऑगस्टला त्याच जर्मनीला भारतानं ८ विरुद्ध १ असं हरवलं. नेमकी फट कुठे आहे ते पाहून तेवढीच बुजवली, म्हणून भिंत उभी राहिली.

आता रोमच्या दोन जुन्या गड्यांकडे वळू. क्लॉडियस आणि उधमसिंग. या दोघांची हकीकत शेजारी शेजारी ठेवली म्हणजे आपल्या प्रश्नावर पुष्कळ उजेड पडतो.

लेस्ली क्लॉडियस यांचा जन्म १९२७ सालचा, बिलासपूरचा. घराणं अँग्लो-इंडियन, आणि ओढा फुटबॉलकडे. खरगपूरला रेल्वेच्या संघाचा हॉकीचा सराव चालला असताना हा तरुण बाजूला उभा राहून पाहत होता. गडी कमी पडला तेव्हा डिकी कार यांनी त्याला मैदानात बोलावलं. हे कार म्हणजे १९३२ च्या सुवर्णविजेत्या संघातले खेळाडू. त्यांनी पोराचे पाय पाहिले, डोळे पाहिले आणि हेरलं की याच्यात हॉकीपटू आहे. दोनच वर्षांत, १९४८ साली, क्लॉडियस लंडनला भारताकडून खेळत होते. त्या संघात गोलरक्षक लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा असे मुंबईच्या मैदानांवर खेळलेले गडीही होते. पुढे हेलसिंकी, मेलबर्न आणि रोम. चार ऑलिम्पिक, तीन सुवर्ण आणि एक रौप्य. रोमनंतर मात्र क्लॉडियस पुन्हा ऑलिम्पिकला खेळले नाहीत. मधल्या फळीतली ती जागा त्यांनी मोकळी केली.

उधमसिंग हे पंजाबातल्या जालंदर छावणीजवळच्या संसारपूरचे. हे संसारपूर म्हणजे आपल्या तालुक्यातल्या एखाद्या गावाएवढं गाव. छावणीतले पलटणीचे शिपाई हॉकी खेळत ते पाहून गावच्या पोरांनी काठ्या हातात घेतल्या आणि त्या एका गावानं डझनाहून अधिक ऑलिम्पिक खेळाडू दिले. उधमसिंग १९४८ लाच लंडनला जायचे, पण बोटाला दुखापत झाली आणि संधी हुकली. मग हेलसिंकीला सुवर्ण, मेलबर्नला सुवर्ण, रोमला रौप्य. रोमनंतर ते मात्र थांबले नाहीत. १९६४ साली टोकियोला गेलेल्या संघात उधमसिंग होते. तेव्हा त्यांचं वय ३६ होतं! आणि तिथे त्यांना तिसरं सुवर्ण मिळालं.

पाहा, दोघांच्याही नावावर तीन सुवर्ण आणि एक रौप्य, अगदी बरोबरीचा हिशेब. एक रोमनंतर थांबला, एक रोमनंतरही चालत राहिला. आता पारावर बसून सांगा, दोघांतला शहाणा कोण? मला विचाराल तर दोघेही. एकाची जागा घ्यायला दुसरे तयार झाले होते, दुसऱ्याच्या अंगात अजून काम शिल्लक होतं. जन्मतारीख पाहून दोघांना एकाच मापानं मोजलं असतं, तर दोघांतल्या एकावर तरी अन्याय झाला असता, आणि त्याची भरपाई देशाला करावी लागली असती.

टोकियोच्या त्या संघाकडे जरा नीट पाहिलं पाहिजे. रोमनंतरचा मधला काळ काही सुखाचा गेला नव्हता. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई खेळांत पाकिस्ताननं अंतिम सामन्यात आपल्याला २ विरुद्ध ० असं पुन्हा हरवलं होतं. 'सगळे बदला' म्हणणाऱ्यांना त्यामुळे आणखी जोर येण्यासारखं होतं. तरीही टोकियोला कर्णधार म्हणून गेले ते चरणजीतसिंग, वय तिशीच्या पलीकडे. रोमच्या संघातलेच ते, पण दुखापतीमुळे अंतिम सामना त्यांना खेळता आला नव्हता. गोलात उभे होते शंकर लक्ष्मण, मेलबर्न आणि रोम दोन्ही पाहिलेले, वय ३१. पेनल्टी कॉर्नरचा हुकमी फटका मारणारे पृथीपालसिंग, वय ३२, तेही रोमला होतेच. आणि उधमसिंग ३६. या जाणत्यांच्या सोबतीला कोण होतं? आघाडीच्या मध्यावर हरबिंदरसिंग नावाचा अवघा २१ वर्षांचा पोरगा! बंडू पाटील हे आपल्या कानाला ओळखीचं वाटणारं नावही त्या संघात होतं.

शेतकरी मंडळींना हे वेगळं समजावून सांगायला नको. नवा खोंड कामाला लावायचा तर आपण दोन खोंड एका जुवाला जुंपत नाही. एका बाजूला तास ओळखणारा जाणता बैल असतो, दुसऱ्या बाजूला खोंड. खोंड ओढ घेतो, जाणता बैल त्याला तासात ठेवतो. दोन्ही जाणते घेतले तर नांगर सावकाश चालेल आणि पुढच्या साली बैलच उरणार नाहीत. दोन्ही खोंड घेतले तर नांगर बांधावर चढेल.

टोकियोला ही जोडी जमली. वाट सोपी नव्हती. जर्मनी आणि स्पेन यांच्याशी सामने एक-एक असे बरोबरीत सुटले. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियावर ३ विरुद्ध १ असा विजय मिळाला आणि २३ ऑक्टोबर १९६४ रोजी समोर पुन्हा पाकिस्तान उभा राहिला. पहिला अर्धा कोराच गेला. दुसऱ्या अर्ध्यात भारताला पेनल्टी कॉर्नर मिळाला. पृथीपालसिंगांचा फटका पाकिस्तानच्या बचावपटूच्या पायानं अडला आणि पंचांनी पेनल्टी स्ट्रोक दिला. मोहिंदरलाल यांनी तो गोलात घातला. मग उरलेला सारा वेळ पाकिस्ताननं हल्ल्यामागून हल्ले केले आणि शंकर लक्ष्मण यांनी ते परतवले. भारत १, पाकिस्तान ०. रोमचा एक गोल टोकियोत एका गोलानं फेडला.

एवढ्यावर गोष्ट संपवली तर ती गोड होईल, पण पुरी होणार नाही. पुढचा भागही सांगितला पाहिजे.

१९६६ साली बँकॉकच्या आशियाई खेळांत शंकर लक्ष्मण भारताचे कर्णधार होते, आणि अंतिम सामन्यात पाकिस्तानला १ विरुद्ध ० असं हरवून आपण सुवर्ण घेतलं. म्हणजे नीट वापरला तर जाणता गडी किती उपयोगी पडतो याचा दाखला पुन्हा मिळाला. पण दोनच वर्षांनी, १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकला, संघाची धुरा कुणाकडे द्यायची यावर एकमत होईना. अखेर पृथीपालसिंग आणि गुरबक्षसिंग अशा दोघांना मिळून कर्णधार केलं. एका गाडीला दोन गाडीवान! आपण कांस्यपदकावर आलो. त्याआधी ऑलिम्पिकमध्ये आपण सुवर्ण किंवा रौप्य सोडून खाली कधी उतरलो नव्हतो. थोर खेळाडू तेव्हाही संघात होतेच. खोट होती ती निर्णय घेणाऱ्यांच्या निश्चयात, असं मला वाटतं.

जुन्या माणसाला काढायचं की ठेवायचं यावर आपण तावातावानं बोलतो. त्याला काढल्यावर त्याचं पुढे काय झालं, हे किती जण विचारतात? शंकर लक्ष्मण हे महूचे. फौजेत ते मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, म्हणजे आपल्या मराठा पलटणीचेच. दोन सुवर्ण, एक रौप्य, अर्जुन पुरस्कार, पद्मश्री, एवढा मान मिळवलेला हा माणूस १९७९ साली कॅप्टनच्या हुद्द्यावरून निवृत्त झाला. अखेरच्या दिवसांत त्यांच्या पायाला गँगरीन झालं आणि हलाखीत २००६ साली महूलाच त्यांचं निधन झालं. टोकियोत ज्या पायांनी पाकिस्तानचे फटके अडवले त्या पायांची ही कथा आहे. हे ऐकून ज्याला वाईट वाटेल, त्यानं आपल्या गावातला जुना पहिलवान किंवा जुना कबड्डीपटू आज कसा आहे, एवढं तरी जाऊन पाहावं.

दुसऱ्या बाजूचीही उदाहरणं आहेत. मेलबर्नला ज्यांच्या नेतृत्वाखाली सुवर्ण मिळालं, ते बलबीरसिंग थोरले रोमच्या संघात नव्हते. पण त्यांचा उपयोग संपला नव्हता. १९७५ साली क्वालालंपूरला भारतानं विश्वचषक जिंकला तेव्हा त्या संघाच्या व्यवस्थापनाची जबाबदारी बलबीरसिंगांवर होती. अंतिम सामन्यात पाकिस्तानवर २ विरुद्ध १ असा विजय मिळाला, आणि विजयाचा गोल केला तो अशोककुमारांनी, म्हणजे ध्यानचंदांच्या मुलानं. टोकियोचे कर्णधार चरणजीतसिंग पुढे सिमल्याला हिमाचल प्रदेश विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचे संचालक झाले. पायातला वेग गेला तरी डोक्यातलं शहाणपण जात नाही. ते शहाणपण वापरायला जागा मात्र करून द्यावी लागते.

आपल्या महाराष्ट्रातलाही एक दाखला देतो. पुण्याजवळच्या खडकीचे धनराज पिल्ले. १९९८ साली बँकॉकला त्यांच्या नेतृत्वाखाली भारतानं आशियाई सुवर्ण जिंकलं. आणि त्यानंतर लगेच, विश्रांती देतो असं सांगून, त्यांच्यासह काही ज्येष्ठ खेळाडूंना संघाबाहेर ठेवलं गेलं. तेव्हा मोठा वाद झाला. म्हणजे जुन्यांना बाजूला सारायला हारच व्हावी लागते असंही नाही, जिंकल्यावरसुद्धा हे होतं. धनराज परत आले, चार ऑलिम्पिक खेळले. २००४ साली अथेन्सला ते ३६ वर्षांचे होते, टोकियोच्या उधमसिंगांएवढेच. पण त्या वेळी भारत सातवा आला. तेव्हा ३६ व्या वर्षी सोनंच मिळतं असंही कुणी धरून चालू नये.

आणि अगदी अलीकडची गोष्ट. मधल्या काळात हॉकीचं मैदानच बदललं. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिम्पिकपासून गवताच्या जागी कृत्रिम पृष्ठभाग आला आणि आपली घसरण वाढली. १९८० साली मॉस्कोला सुवर्ण मिळालं, त्यानंतर ४१ वर्षं ऑलिम्पिक पदकाचं दर्शन नव्हतं. २०२१ साली टोकियोतच, कांस्यपदकाच्या सामन्यात, जर्मनीवर ५ विरुद्ध ४ अशी आघाडी असताना शेवटच्या क्षणी जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला. तो अडवला गोलरक्षक श्रीजेश यांनी. २०१७ साली गुडघ्याच्या दुखापतीनं हाच खेळाडू कित्येक महिने बाहेर बसला होता. २०२४ साली पॅरिसला ३६ व्या वर्षी दुसरं कांस्य घेऊन त्यांनी निवृत्ती जाहीर केली, आणि लगेच कनिष्ठ संघाला शिकवण्याचं काम हाती घेतलं. क्लॉडियसना डिकी कार भेटले होते, आजच्या पोरांना श्रीजेश भेटले. काठी एका हातातून दुसऱ्या हातात अशीच जाते.

तेव्हा मंडळी, पुढच्या खेपेला आपला संघ हरला आणि पारावर वाद रंगला, तर दोन्ही तटांना तीन प्रश्न विचारा. पहिला, हा जुना गडी आज, या घटकेला, त्याच्या जागेचं काम करतो आहे का? काल काय केलं ते नको, आणि जन्मतारीखही नको. दुसरा, त्याच्या हाताखाली कुणी तयार होत आहे का? होत नसेल तर दोष त्या गड्याचा की संघ चालवणाऱ्यांचा, हेही विचारा. आणि तिसरा, थांबवायचंच असेल तर त्याला समोर बसवून, मानानं, वेळेवर कुणी सांगितलं का? की संघाची यादी वाचताना नाव आलं नाही, तेव्हाच त्याला कळलं?

शिक्षकांना तर हा प्रश्न दर वर्षी पडतो. दहावीची मुलं मार्चमध्ये परीक्षा देऊन शाळा सोडतात आणि जूनमध्ये खोखोच्या संघात सगळी नवी तोंडं दिसतात. मग पहिली स्पर्धा हरली की आपण म्हणतो, "गेल्या वर्षीची बॅच काही औरच होती." तसं न करता दिवाळीपूर्वीच दहावीच्या प्रत्येक मुलाला आठवीतला एक मुलगा नेमून द्यावा. सांगावं, "जाण्यापूर्वी तुझी जागा याला शिकवून जा." मोठ्याला आपण कामाचे आहोत असं वाटतं, धाकट्याला आधार मिळतो, आणि जूनमध्ये शाळेचा संघ उघड्यावर पडत नाही. आणि मघाचे ते आकडे फळ्यावर लिहिलेत, की मुलांनाच विचारा, "हार कुठून सुरू झाली?" रोमचं नाव घेणाऱ्या मुलाला बसवा. मेलबर्नवर बोट ठेवणाऱ्या मुलाची पाठ थोपटा.

कारण रोमच्या आधी चार वर्षं, आपण जिंकत होतो तेव्हाच, विचार करायला हवा होता. जिंकलेल्या दिवशी जुन्यांच्या शेजारी नव्यांना उभं करणं सोपं असतं. त्या दिवशी कुणाच्या मनात राग नसतो, कुणावर बोट रोखलेलं नसतं. यंदा तुमच्या गावचा संघ जिंकला असेल, तर हे काम आजच हाती घ्या.